हॅमस्ट्रिंगची दुखापत, ॲक्युपंक्चर आणि सहा आठवड्यांवरची स्पर्धा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. वर्षभर तुम्ही आठवड्यातले चार-पाच दिवस हाय-इंटेन्सिटी वर्कआउट करताय: स्प्रिंट, बॉक्स जंप (उंच खोक्यावर उडी), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुल-अप. तीन आठवड्यांपूर्वी स्प्रिंट मारताना उजव्या मांडीच्या मागे, जिथे हॅमस्ट्रिंग हे स्नायू असतात, एकदम चमक आली आणि तिथेच थांबावं लागलं. आता चालताना काही होत नाही, पण वेग वाढवला की मागे ओढ बसते. शिवाय पुल-अप करताना उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखतो. एका मित्राला ॲक्युपंक्चरच्या दोन सिटिंगमध्ये आराम पडला. म्हणून तुम्ही विचारताय की सुयांनी दुखापत लवकर भरून येईल का, किती सिटिंग लागतील, मधल्या काळात वर्कआउट चालू ठेवला तर चालेल का. आणि सहा आठवड्यांनी टीमची स्पर्धा आहे.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. ॲक्युपंक्चर नंतर शिकले आणि गेली बरीच वर्षं दोन्ही एकत्र वापरते. सुयांचा उपयोग मी रोज पाहते, त्यामुळे त्यांच्याविषयी मला ओढ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. तरी उत्तर सरळ देते. सुयांनी तुमचं दुखणं कमी होण्याची शक्यता चांगली आहे. फाटलेले तंतू मात्र सुयांमुळे लवकर जुळतात, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा नाही. आणि तुमच्या बाबतीत मला काळजी वाटते ती पुढच्या टप्प्याची. दुखणं कमी झाल्यावर तुम्ही लगेच पूर्ण वेगाने पळाल, याची.

आधी नेमकं काय दुखावलंय ते ठरवायला हवं, कारण ‘वर्कआउटची दुखापत’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. मित्राच्या आणि तुमच्या अनुभवात फरक पडू शकतो तो इथेच. त्याचा स्नायू नुसता आखडून गाठ आली असेल, तर दोन सिटिंगमध्ये मोकळं वाटणं अगदी शक्य आहे. तुमच्या वर्णनात एक ठरावीक क्षण आहे, पळता पळता चमक आली तो. असा क्षण सांगता येतो तेव्हा मी स्नायूचे तंतू फाटलेत असंच धरून चालते. थोडे तंतू फाटले असतील तर साधारण दोन-तीन आठवडे, जास्त फाटले असतील तर महिना-दोन महिने आणि पूर्ण तुटला असेल तर कित्येक महिने, कधी शस्त्रक्रियाही. तुम्ही तीन आठवड्यांनी नीट चालताय, म्हणजे प्रकार सौम्य किंवा मध्यम असावा. पण हे मी तुम्हाला न तपासता लिहितेय, हे विसरू नका.

तीन गोष्टी स्वतः पडताळून पाहा. दुखतं ती जागा अगदी वर, बसायच्या हाडापाशी आहे का, आणि कडक खुर्चीवर जास्त वेळ बसलं की वाढतं का? तसं असेल तर त्रास स्नायूपेक्षा टेंडनचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचा, असू शकतो, आणि त्याला वेळ बराच जास्त लागतो. दुसरं, पोटरीपर्यंत किंवा पावलापर्यंत मुंग्या, बधिरपणा, चटका जातो का? मग कंबर आणि तिथली नस तपासल्याशिवाय मांडीत सुया लावण्यात अर्थ नाही. तिसरं, चमक आली तेव्हा ‘टक्’ असा आवाज आला होता का, नंतर मोठा काळानिळा डाग उतरला का, बोटाने चाचपलं तर खड्डा लागतो का? यातलं काहीही असेल तर सुईच्या आधी स्कॅन.

वर्कआउटनंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याबद्दल थोडंसंच लिहिते. ते बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि आपोआप ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे दुखतं असं अजूनही सर्रास सांगतात, पण ते तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात निघून जातं. कारण वेगळं आहे: भार पेलत असतानाच स्नायू लांबतो तेव्हा त्याला सूक्ष्म इजा होते. यासाठी ॲक्युपंक्चर घ्यायची गरज मला वाटत नाही. घेतलेल्यांना कधी बरं वाटतं, कधी नाही, आणि अभ्यासांचे निष्कर्षही असेच संमिश्र आहेत. फक्त एक अपवाद लक्षात ठेवा. अतिश्रमानंतर स्नायू असह्य दुखत असतील, सुजून ताठ झाले असतील आणि लघवी कोलासारखी गडद होत असेल, तर स्नायू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यातले घटक रक्तात उतरत असण्याची शक्यता असते. त्याने मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. तेव्हा सुया नाहीत, मालिश नाही, थेट रुग्णालय.

आता सुई काय करते ते. ॲक्युपंक्चरची सुई साधारण पाव मिलिमीटर जाड असते, नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईपेक्षा कितीतरी बारीक, आणि तिच्यातून औषध जात नाही. ती स्नायूत गेली की बऱ्याच जणांना टोचल्यासारखं न वाटता आतून जड, दाबल्यासारखं, थोडं भरून आल्यासारखं वाटतं. हा जडपणा जाणवला की मी पुढे फार खोल जात नाही. त्या उत्तेजनाने शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडतं. १९७७ साली एका प्रयोगात दिसलं की अफूसारख्या द्रव्यांचा परिणाम रोखणारं नालोक्सोन हे औषध दिलं की ॲक्युपंक्चरने मिळणारा आरामही कमी होतो, म्हणजे त्या आरामात एंडॉर्फिनसारख्या द्रव्यांचा हात आहे. २०१० साली उंदरांवरच्या अभ्यासात सुईच्या आसपास ॲडेनोसिन वाढल्याचं आढळलं, तेही वेदना दाबतं. सुयांना मंद वीजप्रवाह जोडला तर सेकंदाला २ स्पंदनं आणि १०० स्पंदनं यांनी मज्जासंस्थेत वेगवेगळी द्रव्यं सुटतात, म्हणून काही जण दोन्ही आलटून पालटून देतात.

या सगळ्यात एक गोष्ट पाहा. जे समजलंय त्यातलं बहुतेक वेदनेबद्दल आहे, तुटलेला तंतू शिवण्याबद्दल नाही. रुग्णांवरच्या चाचण्यांचंही तसंच. २०१८ साली ३९ चाचण्यांमधल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली गेली, तेव्हा पाठ, मान, खांदा, गुडघ्याची झीज आणि डोकेदुखी या जुनाट दुखण्यांत ॲक्युपंक्चरचा फायदा दिसला आणि वर्षभरानंतरही त्यातला बराचसा टिकलेला होता. मात्र खोट्या सुयांशी, म्हणजे चुकीच्या जागी किंवा न टोचणाऱ्या सुयांशी, तुलना केली की फरक बराच लहान होता. सुई न घेतलेल्यांशी तुलना केली की मोठा. म्हणजे आरामाचा काही भाग सुईचा, आणि बराचसा भाग शांत पडून राहण्याचा, कोणीतरी नीट लक्ष दिल्याचा, बरं होण्याच्या अपेक्षेचा. माझ्या दृष्टीने तोही खराच आराम आहे. पण ताज्या स्नायूच्या दुखापतीत खेळाडू सुयांमुळे लवकर मैदानात परतले, असं दाखवणारा ठोस पुरावा नाही. कोणी तुम्हाला ‘पाच सिटिंगमध्ये फाटलेला स्नायू जोडून देतो’ म्हणालं, तर तिथून उठून या.

मग मी हॅमस्ट्रिंगसाठी सुया का लावते? कारण दुखावलेल्या स्नायूभोवतीचे स्नायू त्याला जपायला म्हणून आखडून बसतात. नितंबाचे स्नायू, मांडीची आतली बाजू, पोटरी. मूळ जखम भरत आली तरी हे आखडलेपण टिकतं. माणूस पाऊल छोटं टाकतो, पाय पूर्ण मागे जाऊ देत नाही, आणि जो व्यायाम करायला हवा तोच भीतीने टाळतो. इथे सुई खरंच कामाची आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत मी फाटलेल्या जागी सुई लावतच नाही, कारण तिथे रक्त साकळायचा धोका असतो. तेव्हा दूरचे बिंदू घेते: गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला छोट्या हाडाच्या डोक्यापाशी एक बिंदू आहे, चिनी परंपरेत तो स्नायू-टेंडनच्या तक्रारींसाठी मुद्दाम वापरतात, तो, आणि पोटरीच्या मधला. तुमचे तीन आठवडे झालेत, त्यामुळे आता आखडलेल्या जागा थेट घेता येतील. त्या चाचपून शोधाव्या लागतात. तक्त्यावर छापलेल्या बिंदूंपेक्षा बोटाखाली सापडलेल्या दुखऱ्या जागांवर माझा जास्त विश्वास आहे.

आठवड्याला एक किंवा दोन सिटिंग, प्रत्येक वेळी सुया पंधरा ते पंचवीस मिनिटं, असं साधारण चार ते सहा वेळा. तिसऱ्या-चौथ्या सिटिंगपर्यंत हालचालीत काहीच फरक नसेल, तर मी सुया थांबवते आणि निदान पुन्हा तपासते. तोच प्रकार दहा वेळा करून बघण्यात रुग्णाचा फक्त वेळ जातो.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. सिटिंगनंतर काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, तुमचं दुखणं दबलेलं असतं. स्नायूची ताकद त्या काळात वाढलेली नसते. म्हणजे ज्या दुखण्यावरून तुम्ही ‘इथे थांब’ हे ओळखता, तीच खूण तेवढ्या वेळापुरती पुसट झालेली असते. त्या अवस्थेत स्प्रिंट मारलीत तर पुन्हा तिथेच फाटू शकतं, आणि हॅमस्ट्रिंग एकदा दुखावल्यावर पुन्हा दुखावण्यासाठी बदनामच आहे. नवा स्लॅब वरून कोरडा दिसला म्हणून कोणी खालचे टेकू काढत नाही, दिवस भरू देतात. म्हणून माझा नियम साधा आहे: सिटिंगच्या दिवशी जोरदार वर्कआउट नाही. चालणं, हलकी सायकल चालेल. आणि भार वाढवायचा की नाही हे सिटिंगनंतर कसं वाटतंय यावर ठरवायचं नाही, व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय म्हणतोय पाय, यावर ठरवायचं. व्यायाम करताना दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं तर हरकत नाही. सकाळी ते पूर्वपदावर आलं असेल तर पुढची पायरी. आलं नसेल तर तिथेच थांबायचं.

पाय भरून काढायचं मुख्य काम व्यायामच करतो. स्वीडनमधल्या ७५ फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, तो मी प्रत्येक हॅमस्ट्रिंगवाल्याला सांगते. दोन्ही गट व्यायामच करत होते, फरक कुठल्या व्यायामाचा एवढाच. ज्यांनी स्नायू लांबवत भार दिला ते सरासरी २८ दिवसांत खेळायला परतले, नेहमीच्या व्यायामाने ५१ दिवस लागले. एवढा फरक सुयांनी पडलेला मी कुठे वाचलेला नाही. तेव्हा तुमच्या सहा आठवड्यांचा केंद्रबिंदू लांबवत भार देणारे व्यायाम असू द्या: आधी पाठीवर झोपून टाचेवर नितंब उचलून धरणं, मग ते एका पायावर, मग हलक्या वजनाने पाय जवळपास सरळ ठेवून कमरेतून वाकण्याचं डेडलिफ्ट, मग गुडघ्यांवर उभं राहून घोटे कोणीतरी धरून ठेवल्यावर पुढे सावकाश झुकणं. हा शेवटचा जड आहे, घाई करू नका, पण बरं झाल्यावरही सोडू नका. २०१९ साली आठ हजारांहून जास्त खेळाडूंची माहिती एकत्र तपासली तेव्हा हा व्यायाम कार्यक्रमात असलेल्यांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्या निघाल्या. सुयांचा उपयोग या व्यायामांना वाट करून देण्यापुरता. दुखण्याच्या धाकाने जो व्यायाम करवत नव्हता, तो करवू लागला की सुईचं काम झालं.

वर्कआउट पूर्ण बंद ठेवायची गरज नाही, असं मला वाटतं. वरच्या शरीराचे व्यायाम, पोटाचे, सायकल, दुखत नसेल तिथपर्यंत स्क्वॉट हे करा. स्प्रिंट, बॉक्स जंप, वेगाने जमिनीवरून उचलायची वजनं आणि घाईघाईत मोजून मारलेल्या बर्पी (खाली वाकून पाय मागे टाकून लगेच उडी मारण्याचा व्यायाम) सध्या बाजूला. थकल्यावर फॉर्म सुटतो आणि घड्याळ समोर असलं की माणूस थांबत नाही. हाय-इंटेन्सिटी वर्कआउटमधल्या बऱ्याचशा दुखापती मी शेवटच्या काही रेप्सवर (आवर्तनांवर) आलेल्या पाहिल्यात.

खांद्याकडे येऊ. पुढून दुखतो म्हणून सगळे पुढेच चोळतात. पण खांद्याच्या पाठीमागे, फऱ्याच्या हाडावर एक स्नायू असतो, तो आखडला की दुखणं नेमकं खांद्याच्या पुढच्या बाजूला जाणवतं. पुल-अप करणाऱ्यांत, विशेषतः झोका घेऊन पुल-अप मारणाऱ्यांत, मला हा वारंवार सापडतो. हात बाजूने वर नेताना मधल्या टप्प्यात, म्हणजे साधारण ६० ते १२० अंशांत दुखतं आणि त्याच्या वर पुन्हा बरं वाटतं का ते पाहा. तसं असेल तर खांद्याच्या टेंडनवर भार जास्त पडतोय. तिथे सुया, झोक्याच्या पुल-अपला विश्रांती आणि बँड लावून सावकाश खेचण्याचे व्यायाम, हे तिन्ही मिळून चांगलं चालतं. मागच्या आखडलेल्या स्नायूत सुई लावली की काहींना तिथल्या तिथे हात वर जाताना मोकळं वाटतं. हात वर जातच नसेल किंवा रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर आधी तपासणी.

खांद्याचा विषय निघालाय म्हणून धोक्याचंही सांगते. प्रशिक्षित हातांत ॲक्युपंक्चर सुरक्षित आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये दोन मोठ्या पाहण्या झाल्या, एकीत ३४ हजारांवर उपचार आणि दुसरीत ३२ हजारांच्या आसपास भेटी नोंदवल्या होत्या, आणि दोन्हींत गंभीर इजा एकही झाली नाही. किरकोळ रक्त येणं, डाग पडणं, चक्कर, एखादा दिवस जागा ठणकणं हे होतं. पण मान आणि खांदा यांच्यामधल्या जाड स्नायूत किंवा बरगड्यांवर सुई सरळ खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. फुप्फुसाचं टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर आलेलं असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मी त्या भागात स्नायू चिमटीत उचलून आडवी सुई लावते. सिटिंगनंतर काही तासांत छातीत टोचायला लागलं, धाप लागली, तर झोपून वाट बघू नका, तातडीने रुग्णालयात जा आणि छातीच्या भागात सुया लावल्या होत्या हे स्पष्ट सांगा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पेसमेकर असेल, गरोदरपण असेल, तर ते विचारायच्या आधी तुम्हीच सांगा. पेसमेकर असताना वीजप्रवाह जोडलेल्या सुया नकोत. उपाशी पोटी किंवा वर्कआउट करून घाम निथळत असताना जाऊ नका, चक्कर येते, आणि पहिल्या वेळी आडवं पडूनच सुया घ्या. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेल्या सुया टाकून दिल्या पाहिजेत. याहून एक बारीक खूण सांगते. जो तुम्हाला उभं करून वाकवून, पाय उचलायला लावून बघतो आणि या आठवड्यात तुम्ही जिममध्ये काय काय करणार हे विचारतो, त्याच्याकडे जा. जो आल्या आल्या झोपवून सुया लावतो त्याला तुमच्या स्प्रिंटबद्दल काहीच माहीत नाही.

राहिली स्पर्धा. तारखेकडे बघून ठरवू नका, पायाकडे बघून ठरवा. आजपासून चौथ्या आठवड्याच्या शेवटी ही चाचणी करा. पाठीवर झोपा, दुखऱ्या पायाची टाच सुमारे ६० सेंटीमीटर उंच बाकावर ठेवा, दुसरा पाय हवेत, आणि एका पायावर नितंब वर-खाली करा, थकेपर्यंत. मग दुसऱ्या पायाने. वीसच्या आत थांबलात तर पाय अजून कच्चा आहे, पंचवीसच्या आसपास मध्यम, तीसच्या पुढे गेलात तर चांगला. दोन्ही पायांतला फरक दहा टक्क्यांहून कमी हवा. त्यानंतर धावण्याचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत न्या, निम्म्या वेगापासून, दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस नव्वद टक्के वेगाने न बिचकता पळता आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी शांत असेल, तर उतरा. ही चाचणी सिटिंगच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी करायची नाही. शेवटची सिटिंग स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी घ्या, कारण सुईनंतर जागा एखाद-दोन दिवस जड राहू शकते. स्पर्धेच्या सकाळी सुया घेऊन मैदानात उतरू नका. आणि टीमला आजच कल्पना देऊन ठेवा की पाचव्या आठवड्यात तो वेग जमला नाही, तर स्प्रिंटचा टप्पा दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल, तुम्ही रोइंग किंवा वजनांचा टप्पा घ्याल. सहा आठवडे आधी सांगितलं तर त्यांनाही तयारीला वेळ मिळेल.